पिनियनचे आठ दाते आणि काटकोनातलं वळण

गेल्या महिन्यात मित्राची 1965 सालची अँबॅसडर कामठी रोडवरच्या एका गॅरेजात जॅकवर चढली. निमित्त समृद्धी महामार्गाचं. ताशी ऐंशी ओलांडली की इंजिन असं ओरडायचं की शेजारच्याशी बोलणं मुश्कील. मागच्या अ‍ॅक्सलचं क्राऊन-पिनियन (इंजिनकडून फिरणारा छोटा पिनियन आणि चाकांना फिरवणारा मोठा क्राऊन, अशी दातेरी चाकांची जोडी) बदलायचं ठरलं. तिथे उभा असलेला एक जण म्हणाला, "मोठ्या नंबरची जोडी टाका ना भाऊ, गाडी पयतेच मग!" हा गैरसमज सर्रास ऐकू येतो, म्हणून हा लेख.

हौसिंग उघडून आम्ही दाते मोजले. पिनियनला 8, क्राऊनला 39. भागाकार 4.875, हाच जोडीचा नंबर. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत येणाऱ्या दांड्याचे) जवळजवळ पाच फेरे. टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनच्याच वेगाने फिरते. चाकाचा घेर 2.1 मीटर धरला, तर ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 3,100 फेरे मारतं. 10 आणि 43 दात्यांची जोडी टाकली की नंबर 4.3 होतो आणि फेरे 2,730 वर येतात. म्हणजे लांबच्या प्रवासाला नंबर लहान हवा. त्याची किंमत मोजावी लागते ती चढावर: त्याच गिअरमध्ये चाकावरचा जोर 12 टक्क्यांनी घटतो. नागपूरच्या सपाटीवर ते कळणार नाही, चिखलदऱ्याच्या घाटात कळेल.

39 च का, सरळ 40 का नाही? 40 असते तर पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या त्याच पाच दात्यांना भेटत राहिला असता आणि एखादा खरबरीत दाता त्याच सोबत्यांना खात बसला असता. 8 आणि 39 यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते.

पण माझा खरा जीव आहे तो क्राऊनच्या पोटात बसलेल्या डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या संचावर. व्हरायटी चौकात गाडी काटकोनात वळवा. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. किती जास्त? दोन चाकांमधलं अंतर गुणिले पाय (π) भागिले दोन. इथे ते साधारण 2.1 मीटर, म्हणजे बाहेरच्या चाकाचा बरोबर एक जादा फेरा! वळण ऐसपैस घ्या की आखूड, हा एक फेरा तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली असती, तर तेवढं टायर डांबरावर घासलं गेलं असतं.

गॅरेजात आम्ही पुढच्या चाकांना दगड लावले, मागची दोन्ही चाकं अधांतरी केली, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकली. क्राऊन अडकला. मग डावं चाक हाताने पुढे फिरवलं, तर उजवं तेवढंच मागे फिरलं. क्राऊनचा वेग दोन चाकांच्या वेगांची सरासरी असतो. सरासरी शून्य, म्हणून एक अधिक, तर दुसरं उणे.

जोराचं गणित वेगळं. पोटातला छोटा गिअर बैलांच्या जुवासारखा मध्यावर ढकलला जातो आणि दोन्ही टोकांना सारखाच जोर देतो. एक बैल बसला की दुसऱ्याने कितीही ओढलं तरी जू नुसतं तिरकं होतं, गाडी जागची हलत नाही. काळ्या मातीत एक चाक गरगरतं तेव्हा "सगळी ताकद त्याच चाकात गेली" असं म्हणतात. खरं तर चिखल जेवढा तोकडा जोर पेलतो, तेवढाच कोरड्यावरच्या चाकालाही मिळतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये क्लच प्लेटा हे जू थोडं जाम करतात. त्याने मायलेज वाढतं असं सांगून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

10-43 ची जोडी बसली, तेव्हा चाकांखाली लिंबं ठेवायची टूम निघाली. लिंबू चिरडून दात्यांचं काहीही भलं होत नाही. त्यांना लागते ती दोन दात्यांमधली मोजकी फट, डायल गेजवर पाहिलेली, 0.15 मिलिमीटरच्या आसपास. दात्यांना निळा रंग फासून क्राऊन फिरवला. पहिल्यांदा ठसा टोकाकडे उमटला. एक पातळ शिम (जागा नेमकी करणारी धातूची चकती) बदलल्यावर दात्याच्या मध्यावर आला. मग नव्वद नंबरचं हायपॉईड ऑइल भरलं.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून येते, तिला अ‍ॅक्सलमधला बदल कळत नाही. काटा 70 वर असताना गाडी आता 79 ने धावते. केबलचं छोटं दातेरी चाक मिळेपर्यंत मित्राने काचेवर चिकटपट्टी लावून तसं लिहून ठेवलं आहे.