मुक्त इलेक्ट्रॉन लेसर आणि अतिऱ्हस्व क्ष-किरण स्पंद

क्ष-किरणांच्या मुक्त इलेक्ट्रॉन लेसरमधून मिळतात काही फेमटोसेकंद किंवा त्याहूनही कमी काळ टिकणारे अतितीव्र क्ष-किरण स्पंद, म्हणजे किरणांचे क्षणिक झोत. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग; तेवढ्यात प्रकाश जेमतेम ०.३ मायक्रोमीटर सरकतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर काम करणारा विद्यार्थी एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) यंत्रात काचपट्टी ठेवतो, तेव्हा क्ष-किरण नळीतल्या तांब्याच्या लक्ष्यावरून १.५४ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) तरंगलांबीचे क्ष-किरण येतात. कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेच्या एलसीएलएस या मुक्त इलेक्ट्रॉन लेसर यंत्राने एप्रिल २००९मध्ये पहिल्यांदा लेसर किरण दिले, तेही १.५ अँगस्ट्रॉमचे. तरंगलांबी जवळपास तीच, फरक वेळेचा. नळी सतत जळते, त्यामुळे हाती येते ते अणूंच्या सरासरी जागांचे चित्र. रासायनिक बंध तुटताना दिसायचा तर स्पंदच हवा. भारतात असे यंत्र नाही. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातला मुक्त इलेक्ट्रॉन लेसर अवरक्त किरणांचा आहे.

एलसीएलएसमध्ये १३.६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत वेगवलेला इलेक्ट्रॉनांचा पुंज शंभराहून अधिक मीटर लांबीच्या अनड्युलेटरमधून जातो. तिथे चुंबकांचे आलटूनपालटून उत्तर-दक्षिण ध्रुव मांडलेले असल्याने इलेक्ट्रॉन नागमोडी धावतात व किरण सोडतात. सुरुवातीला मिरवणुकीतल्या नवख्या लेझीम पथकासारखा ज्याचा त्याचा ठेका वेगळा. मग सुटलेले किरणच इलेक्ट्रॉनांना मागेपुढे ढकलतात, एकेका तरंगलांबीच्या अंतरावर त्यांचे पातळ थर बनतात आणि सगळे एका ठेक्यात येऊन तीव्रता झपाट्याने वाढते.

स्पंद किती टिकणार हे पुंजाचा किती भाग या ठेक्यात येतो त्यावर ठरते. तेव्हा एकतर पुंजच आखूड करायचा: विद्युतभार २५० पिकोकूलोंबवरून २० वर आणला की तो अधिक दाबता येतो आणि स्पंद १० फेमटोसेकंदांच्या आत येतो. नाहीतर पुंजाचा बराचसा भाग मुद्दाम बिघडवायचा. ही दुसरी युक्ती जास्त गमतीची आहे. स्लॅकचे भौतिकशास्त्रज्ञ पॉल एमा आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये ती सुचवली. पुंज दाबताना चुंबकांच्या वळणावर तो आडवा पसरतो. तिथे बारीक फट असलेला धातूचा पातळ पत्रा धरायचा. पत्र्यातून गेलेले इलेक्ट्रॉन विखुरतात व लेसरच्या कामाचे राहत नाहीत, फटीतून निसटलेले तेवढे चमकतात. पुढे पुंजाच्या ऊर्जेत लाट उठवून एकच अणकुचीदार शिखर तयार करण्याची रीत आली. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्पंद काहीशे अॅटोसेकंदांवर (फेमटोसेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक अॅटोसेकंद) उतरले होते.

एवढ्या तीव्र माऱ्याखाली नमुना नष्ट होतो, पण विवर्तनाची, म्हणजे अणूंवरून विखुरलेल्या किरणांच्या नक्षीची, नोंद त्याआधीच झालेली असते. उसाच्या पानातही असणाऱ्या फोटोसिस्टिम-१ या प्रथिनसंकुलाच्या सूक्ष्म स्फटिकांवर हे २०११मध्ये दाखवून दिले गेले.

स्पंदाची लांबी मोजणे हे मात्र वेगळेच दुखणे. सुरुवात स्वैर गोंगाटातून होत असल्याने दोन स्पंद कधीच सारखे निघत नाहीत. म्हणून एलसीएलएसमध्ये अनड्युलेटर ओलांडलेल्या, खरे तर टाकाऊ झालेल्या पुंजाला रेडिओलहरींचा आडवा झटका देऊन तो पडद्यावर पसरवतात. त्यात जिथे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा घटलेली दिसते, तिथून किरण निघाले असे धरून प्रत्येक स्पंदाची लांबी वेगळी काढावी लागते.