सामाईक उपकरण केंद्र (मराठवाडा)

एका विभागाला किंवा एका प्राध्यापकाला परवडणार नाहीत अशी महागडी शास्त्रीय उपकरणे एकाच छताखाली ठेवायची, ती चालवायला जाणकार माणूस नेमायचा आणि ठरलेल्या दराने सगळ्यांना पाळीने वापरू द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. मराठवाड्यात ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवर पाणी घ्यायचा वार कोणाचा आणि मोटार जळाली तर कोणी किती पैसे घालायचे, हे गावोगाव ठरलेले असते. तिथे पाळीवरून होते त्याहून जास्त भांडण दुरुस्तीच्या पैशावरून होते. उपकरण केंद्रांचाही अनुभव तोच आहे.

भारतात या व्यवस्थेला आकार आला तो 1970च्या दशकात, विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने उभारलेल्या प्रादेशिक उपकरण केंद्रांमुळे. ‘सैफ’ या नावाने ओळखली जाणारी केंद्रे हे त्यांचेच पुढचे रूप. महाराष्ट्रात पवईची आयआयटी आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येथे ती आहेत. 2000 साली सुरू झालेल्या ‘फिस्ट’ योजनेतून विद्यापीठांच्या विभागांना उपकरणांसाठी थेट निधी मिळू लागला. देशभरातली उपकरणे शोधून वेळ राखून ठेवता यावी म्हणून ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ जानेवारी 2020मध्ये सुरू झाले.

मराठवाड्यात विद्यापीठीय संशोधनाचा भार मुख्यतः दोन विद्यापीठांवर आहे. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ 1958चे. संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे त्याच्याकडे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994चे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली त्याच्याकडे. पहिल्या विद्यापीठातील पॉल हेबर्ट केंद्र सजीवांच्या जाती डीएनएवरून ओळखण्याच्या कामासाठी आहे.

जैववैद्यकीय कामात लागणारी उपकरणे बरीच आहेत, पण केंद्राची गरज कळायला दोनच पुरेत. एचपीएलसी यंत्रात नमुन्याचे द्रावण मोठ्या दाबाखाली बारीक कणांनी गच्च भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, ढकलतात. घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि त्यावरून ओळखू येतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातले हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनपासून वेगळे दाखवण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. वनौषधीच्या अर्कात नेमके काय आहे हेही याच यंत्रावर पाहतात. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकामागे एक अशा लेझरसमोरून जातात. विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीचा आकार आणि आतली गुंतागुंत कळते, तर चमकणाऱ्या रंगांवरून तिच्यावरची प्रथिने. काही मिनिटांत हजारो पेशी मोजल्या जातात. मात्र लेझर रोज तपासावा लागतो, नळ्या धुवाव्या लागतात आणि आलेख वाचणारा माणूस लागतो. वर्षाकाठी दहा-बारा नमुने असणाऱ्या विभागाने असे यंत्र घेतले तर त्यावर बहुतेक काळ आच्छादनच राहते.

यंत्र बंद पडायची कारणे बहुधा साधी असतात. फॉस्फेट बफर, म्हणजे क्षार विरघळवलेले द्रावण, चालवून झाल्यावर कॉलम पाण्याने न धुता विद्यार्थी घरी जातो, क्षार आत जमतात, दाब चढतो आणि पुढच्या पाळीवाल्याचा दिवस वाया जातो. म्हणून लॉगबुकात नाव, वेळ आणि सुरुवातीचा-शेवटचा दाब लिहून घेणारा ऑपरेटर हा केंद्राचा खरा आधार. तो बहुधा कंत्राटी असतो, आणि तो सोडून गेला की चांगले यंत्रही गप्प बसते. खरेदीसाठी अनुदान मिळते. हमीची मुदत संपल्यावरच्या वार्षिक देखभाल कराराचे पैसे अंदाजपत्रकातल्या कोणत्या शीर्षातून द्यायचे, हा प्रश्न मात्र उरतोच. वापरशुल्क त्यासाठीच असते. आपल्या विद्यार्थ्यांना कमी, बाहेरच्या संस्थांना जास्त आणि औषध कंपन्यांना सर्वांत जास्त, अशी त्याची साधारण चढण असते.

हवामानही आपला वाटा घेते. बोअरचे जड पाणी शुद्धीकरण यंत्राचे पडदे लवकर चोंदवते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की उणे 80 अंशांच्या डीप फ्रीझरची जाळी धुळीने भरलेली चालत नाही, कारण कॉम्प्रेसरला उष्णता बाहेर टाकता येत नाही. वीज गेल्यावर यूपीएस संगणक सांभाळतो, पण फ्रीझर सांभाळायला जनरेटर लागतो.

सर्वांत मोठी अडचण यंत्रांच्या बाहेर आहे. रुग्ण आणि त्यांचे रक्ताचे नमुने संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईच्या शासकीय महाविद्यालयांत. ही महाविद्यालये संलग्न आहेत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला. उपकरणे आणि जीवशास्त्राचे संशोधक मात्र दुसऱ्याच विद्यापीठांत, तेही दुसऱ्याच मंत्रालयीन विभागाखाली. घाटीपासून विद्यापीठ रिक्षाच्या अंतरावर आहे, पण रक्ताची एक नळी तिथवर न्यायची तर नैतिकता समितीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती आणि दोन संस्थांमधला करार लागतो. पहिल्या दोन अटी रास्तच आहेत. रखडते ते तिसऱ्या अटीपाशी. 2020च्या साथीत ही भिंत काही काळ खाली आली होती. कोविडच्या चाचण्यांसाठी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतील आरटी-पीसीआर यंत्रे वापरात आली. नांदेडच्या जीवशास्त्र संकुलात आणि मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्रातही तपासणी झाली.

जे इथे होत नाही ते बाहेर पाठवतात. नांदेडकरांना हैदराबाद जवळ, संभाजीनगरकरांना पुणे. ‘सॅम्पल पाठवलंय’ हे संशोधक विद्यार्थ्यांचे नेहमीचे उत्तर. प्रथिनांचे किंवा वनस्पतीच्या अर्काचे नमुने गोठवून सुकवले तर प्रवास सोसतात. आरएनए, म्हणजे पेशीतला डीएनएसारखाच पण फार नाजूक रेणू, सोसत नाही. त्याला उणे 78 अंशांचा सुका बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, लागतो, आणि तो बंद डब्यात ठेवता येत नाही, कारण वायू साठून डबा फुटतो. म्हणून थर्माकोलच्या पेटीचे झाकण चिकटपट्टीने पुरते बंद न करता थोडी फट ठेवतात, नळ्यांवर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक घालतात आणि यादीची एक प्रत पेटीत टाकून दुसरी जवळ ठेवतात.