देशी रोप म्हणजे नेमके कुठले? पावसाळी रोपविक्रीची पार्श्वभूमी

मृगाच्या आसपास महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत हौशी गट स्वतः वाढवलेली देशी झाडांची रोपे विकायला मांडतात आणि काही रोपे जवळच्या टेकडीवर किंवा गायरानात लावतात. या खटाटोपाचे मूळ १९५० पासूनच्या वनमहोत्सवात शोधायची रीत आहे. पण वनमहोत्सवाला झाड हवे होते; ते कुठले असावे, हा तेव्हाचा मुख्य प्रश्न नव्हता. तो पुढे आला १९७२ च्या दुष्काळानंतर.

दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांत बांध आले, डोंगरउतारांवर समतल चर आले आणि चरांच्या कडेने झाडे आली. १९७६ मध्ये केंद्राच्या एका आयोगाने जळण, चारा आणि बांबू-बल्ल्यांसाठी जंगलाबाहेर झाडे वाढवा अशी शिफारस केली. पुढे १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खातेच उभे राहिले. वाढीचा वेग आणि जगण्याचे प्रमाण या दोन कसोट्यांवर जी झाडे उतरली, ती रोपवाटिकांत भरली: सुबाभूळ, नीलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सगळी बाहेरदेशांतून आलेली.

गिरिपुष्प का निवडले गेले, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याची फांदी नुसती रोवली तरी फुटते. मोकाट गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण आणि राखणदार लागत नाही. मुरमाड उतारावर, दोन पावसांत, ते माणसाच्या उंचीचे होते. उघडाबोडका डोंगर झाकायचा आणि वर्षअखेरीस किती झाडे जगली याचा हिशेब द्यायचा, तर त्या काळी यापेक्षा सोयीचे झाड सापडणे कठीण होते. त्या निवडीमागे अडचण होती, दुष्ट हेतू नव्हता. पण आज फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या टेकड्या फिकट गुलाबी दिसतात तेव्हा ते सौंदर्य कशाच्या जागी उभे आहे, हे मला विसरता येत नाही. मेढशिंगी, धावडा, सालई, पांगारा आणि त्यांच्यामधले गवत यांची ती जागा होती. सुबाभळीची भरती वेगळ्या कारणाने ओसरली. १९८८ च्या सुमारास तिचे शेंडे खाणारी कीड देशात पोचली आणि चाऱ्याचे झाड म्हणून असलेली तिची हवा गेली. रस्त्याकडेच्या पडीक जागांत ती मात्र आपली आपण पसरत राहिली.

रोज टेकडी चढणारे, पक्षी पाहणारे आणि देवरायांमध्ये भटकणारे यांना हा बदल आधी जाणवला. त्यांना लावायला कुसुम, वारंग, भोकर, बिबा हवे होते. सरकारी रोपवाटिकेत ते क्वचित मिळायचे, आणि खासगी नर्सरीत अशोक मागितला तर सोसायटीच्या भिंतीलगत लावतात तो उंच, खाली झुकलेल्या पानांचा खोटा अशोक हाती यायचा. सीतेचा अशोक तो नव्हेच. मग बिया गोळा करणे आले. उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडे फुटण्याआधी पोचायचे, पळसाच्या शेंगा वाऱ्याआधी वेचायच्या, शिवणीची फळे माकडांआधी. जांभूळ आणि कुसुमाचे बी ठेवून चालत नाही, फळ खाल्ले की लगेच पेरावे लागते. बहाव्याच्या बीचे कवच घासल्याशिवाय ते सहजी रुजत नाही, सागाचे बी भिजवून आणि वाळवून दमवावे लागते. घरामागच्या जागेत अशी पाच-पन्नास काळ्या पिशव्यांची रांग लागली, आणि रोपे जास्त झाली म्हणून विक्री सुरू झाली.

रोपाला पैसे घ्यावेत का, यावर या गटांत खूप वाद झाले. माझ्या मते घेतलेच पाहिजेत. फुकट वाटलेले रोप समारंभाच्या मांडवातच राहते. पैसे मोजून नेलेल्याला निदान खड्डा मिळतो.

खरा गुंता मात्र ‘देशी’ या शब्दाचा आहे, आणि तो शब्द आपल्याकडे तीन दिशांनी ओढला जातो. शेतकऱ्याच्या तोंडी देशी म्हणजे गावरान, संकरित नसलेले. देशी पपई म्हणताना पपई अमेरिकेतून आली याचा संबंध येत नाही. दुसऱ्या बाजूला आहे ‘विलायती’चा विरोधी अर्थ. विलायती चिंचेच्या नावातच तिचे परकेपण आहे, वेडी बाभूळ तर शिवीच ठरली, पण मादागास्करहून आलेल्या गुलमोहराला कोणी विलायती म्हणत नाही. त्याच्या मोहरावर कविता लिहून झाल्या आहेत. आणि चिंच? तिचे मूळ आफ्रिकेत मानले जाते. तरीही ती हजारो वर्षे इथे आहे, अरबांनी तिला हिंदुस्थानचा खजूर म्हटले, आणि गावाच्या वेशीवरची चिंच परकी म्हणून यादीतून काढायची तर गावकरी ऐकणार नाहीत. माझीही छाती होणार नाही.

तिसरा अर्थ सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित: त्या जागचे. सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वरच्या जंगलात अंजनी, जांभूळ आणि हिरडा. माणच्या माळावर हिवर, बाभूळ, बोर. दोन्ही याद्या देशीच, पण एकीतले झाड दुसरीकडे लावणे म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवणे. कडुनिंब देशावर रस्तोरस्ती फोफावतो, कोकणच्या पावसात तो तसा रमत नाही. तरीही ‘देशी वृक्ष’ अशी एकच छापील यादी राज्यभर फिरते आणि घाटातल्या भरपूर पावसाच्या किंजळीचे रोप कोरड्या सोलापूरला जाते. सातवीण तर इथलीच. पण शहरांनी ती इतकी एकगठ्ठा लावली, की ऑक्टोबरच्या रात्री तिच्या उग्र वासाच्या तक्रारी येतात आणि दोष सगळ्या देशी झाडांवर जातो. म्हणून काही गट आता देशी हा शब्द टाळून ‘स्थानिक’ म्हणतात. मला तो बदल योग्य वाटतो, कारण स्थानिक म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुठल्या स्थानचे?

गेल्या दहा वर्षांत आकड्यांनी हा प्रश्न झाकोळला. राज्याने २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम केला. पुढच्या तीन वर्षांची लक्ष्ये चार, तेरा आणि तेहतीस कोटी, म्हणजे एकूण पन्नास कोटी होती. सवलतीच्या दरात रोपे नागरिकांच्या दारापर्यंत नेण्याची योजनाही याच काळातली. बिगरसरकारी रोपविक्रीला तिचा फायदाही झाला आणि स्पर्धाही. सरकार बदलल्यावर, २०२१ मध्ये, तेहतीस कोटींच्या लागवडीची चौकशी विधिमंडळाच्या समितीकडे गेली. त्याच वर्षी शहरांतल्या वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा कायदा सुधारला. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसावृक्षाचे स्थान मिळाले, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आली. हेतू चांगला, पण ठेकेदाराला एका महिन्यात दोन हजार रोपे हवी असतात आणि एकगठ्ठा मिळते ते करंज, नाहीतर पेल्टोफोरम (पिवळा गुलमोहर). घनदाट लागवडीची जपानी पद्धतही याच सुमारास शहरांत रुजली. मोजक्या चौरस फुटांत कोकण आणि देश एकत्र कोंबले जातात आणि फलकावर पुन्हा ‘देशी’ हाच शब्द असतो.

याच काळात माळराने जास्त सोसत आली आहेत. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या पट्ट्यात गवताळ माळ ‘पडीक’ म्हणून नोंदला गेला, म्हणून तिथे खड्डे खणले गेले. लांडगा, धाविक पक्षी, चिंकारा आणि मेंढपाळ यांना तिथे गवत हवे आहे. तिथे स्थानिक प्रजातींची यादी पवन्या आणि डोंगरी गवतापासून सुरू होते, झाडे तुरळक येतात. काही विक्रेते गट आता माळासाठी रोप मागणाऱ्याला परत पाठवतात. काही जण पिशवीवर झाडाच्या नावाखाली बी कुठल्या तालुक्यातून, किती झाडांवरून आणले, हे खडूने लिहू लागले आहेत. पहिल्या पावसात तो खडू पुसला जातो, म्हणून यंदा कुणी पत्र्याच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत.