रेल ट्रेलवर सायकल चालवायला जाताय?

मुलं अमेरिकेत असलेले आमचे बरेच ग्राहक जाण्याआधी विचारतात, ‘तिकडे जुन्या रेल्वेमार्गावर सायकल चालवायची आहे, इथून काय तयारी करू?’ हे पत्रक त्यांच्यासाठी.

गाडी बंद झाली, रूळ निघाले, भराव आणि पूल राहिले. त्यावर बारीक खडी दाबून चालण्या-सायकलीसाठी केलेली वाट म्हणजे रेल ट्रेल. मिसूरी राज्यातला केटी ट्रेल सुमारे ३८५ किलोमीटरचा आहे. तिथली रेल्वे १९८६ साली थांबली. बरीचशी वाट मिसूरी नदीच्या काठाने जाते आणि रोशपोर्टला रेल्वेच्या जुन्या बोगद्यातून सायकल नेता येते.

आपल्या नागपूरच्या छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेजवर, असं का नाही, हेही हमखास विचारलं जातं. नागपूर-छिंदवाडा काय, २०१९ मध्ये थांबलेली नागपूर-नागभीड काय, दोन्ही बंद झाल्या त्या ब्रॉडगेजसाठी. भराव रेल्वेच्याच कामी आला. छोटं इंजिन बघायचं तर नागपुरातलं मोतीबागचं रेल्वे संग्रहालय आहे.

आता तयारी. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही, म्हणून या वाटेवर शंभर मीटरला दोन मीटरपेक्षा जास्त चढ सहसा नसतो. ‘मग सोपंच की!’ इथेच गणित चुकतं. घाटात माणूस पॅडलवर उभा राहतो, उतारावर पाय थांबवतो. सपाट वाटेवर तासन्‌तास एकाच जागी बसून पॅडल मारावं लागतं. दम लागत नाही, पण बूड आणि मनगटं बोलू लागतात. म्हणून सायकल तिकडे भाड्याने घेणार असाल तरी सवयीची सीट सोबत न्या. सीटची उंची आम्ही मोजून लिहून देतो.

टायर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद हवा. बारीक टायर खडीत रुततो. हवाही दगडासारखी टाइट नको. सराव शहराबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर करा, पण जादा ट्यूब ठेवा. सराटे कुणाला सोडत नाहीत.

स्वतःची सायकल नेणार असाल तर पॅडल काढून खोक्यात भरावी लागते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. जोर लावून उलट फिरवलेली, जाम झालेली पॅडलं आमच्याकडे नेहमीच येतात! पाना घेण्याआधी एकदा विचारा.

पॅकिंगसाठी सायकल निघण्याच्या आठ दिवस आधी आणा. आदल्या रात्री आणलेल्या सायकलीचे गियर नीट तपासून होत नाहीत.