किडनी प्रत्यारोपण: गरीब आधी विकणारा होता, रुग्ण नंतर झाला

पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या माणसाला किडनी बसवता येते आणि खर्चाचा मोठा भाग सरकार उचलतं, ही गोष्ट महाराष्ट्रात फार जुनी नाही. शस्त्रक्रिया मात्र जुनी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांच्या पथकाने १९६५ मध्येच मृत दात्याची किडनी बसवून पाहिली होती. रुग्ण काही दिवसांतच दगावला. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याची किडनी बसवण्यात यश आलं. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, नात्याबाहेरच्या माणसाची किडनीही शरीर सोसू लागलं आणि तिथून बाजार उघडला.

त्या बाजारात मुंबईचं नाव मोठं होतं. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधून इथे येऊन विकत घेतलेली किडनी बसवून गेलेल्या १३० रुग्णांची पाहणी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांतल्या काहींना एचआयव्हीची लागणही झाली होती. ही पाहणी किडनी घेणाऱ्यांची; किडनी देणाऱ्यांची विचारपूस व्हायला आणखी दशक जावं लागलं. म्हणजे किडनीच्या या कहाणीत गरीब माणूस पहिल्यांदा येतो तो विकणारा म्हणून. त्याचीही किडनी निकामी होऊ शकते, हा विचार धोरणात बराच उशिरा शिरला.

महाराष्ट्रात १९८२ चा मूत्रपिंडांपुरता कायदा होता, पण मेंदूमृत्यूला, म्हणजे हृदय चालू असतानाच मेंदू कायमचा थांबण्याला, मृत्यू म्हणून कायदेशीर मान्यता नसल्याने त्याचा फारसा उपयोग नव्हता. मग १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे संसदेला आधी काही विधानसभांचे ठराव लागले. ते केले महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशाने. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. विक्री हा गुन्हा ठरला, मेंदूमृत्यू मान्य झाला.

विक्री थांबली का? चेन्नईत २००१ मध्ये किडनी विकलेल्या ३०५ जणांना संशोधकांनी गाठलं. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. विकल्यानंतर कुटुंबाचं सरासरी उत्पन्न एक तृतीयांशाने घटलं आणि बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज तसंच राहिलं. गरिबाला किडनी विकूनही फायदा झाला नाही, हे आकड्यांत पहिल्यांदा इतकं उघडं दिसलं.

विक्री रोखायची तर दाता आणि रुग्णाचं नातं सिद्ध करायला लावायचं, हा मार्ग निघाला आणि तो योग्यच होता. पण कागदांचा भार कोणावर पडतो? ज्याच्या लग्नाची नोंद नाही, आधार आणि रेशनकार्डावरची नावं जुळत नाहीत, त्याची फाइल प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे अडते. श्रीमंताकडे कागदही असतात आणि वकीलही. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं जवळच्या नात्यात धरली आणि दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल मान्य केली, तेव्हा वाट थोडी रुंदावली. घरातला दाता म्हणजे बहुधा आई नाहीतर बायको, हे मात्र कोणत्याही दुरुस्तीने बदललेलं नाही.

नात्यात दाता नसेल तर उरते प्रतीक्षायादी. मुंबईत २००० मध्ये विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती, म्हणजे झेडटीसीसी, स्थापन झाली; पुढे पुणे, नागपूर, औरंगाबादलाही झाल्या. मृत दात्याच्या किडन्या या यादीनुसार दिल्या जातात, पैशावर नाही. माझ्या मते गरिबासाठी या सगळ्या इतिहासातली सर्वांत न्याय्य गोष्ट हीच. तरी एक मेख आहे. दाता जिथे मेंदूमृत घोषित होतो ते रुग्णालय प्रत्यारोपण केंद्र असेल, तर एक किडनी सहसा तिथल्याच रुग्णाला मिळते, दुसरी सर्वसाधारण यादीत जाते. दान बहुतांशी खासगी रुग्णालयांत होतं, त्यामुळे सरकारी रुग्णालयात नाव नोंदवलेल्याच्या वाट्याला ती पहिली किडनी क्वचितच येते.

पैशांची बाजू टप्प्याटप्प्याने उभी राहिली. १९९७ ची जीवनदायी योजना, मग २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी, जी पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. तिच्यात इतर उपचारांना कुटुंबामागे वर्षाला दीड लाख, पण किडनी प्रत्यारोपणाला अडीच लाख अशी मर्यादा होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती साडेचार लाख झाली आणि योजना सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, ही उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लावून दिलेली योजनाही आहे. प्रत्यक्षात ही मदत एकत्र जुळवून आणतो तो रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवक: योजनेचं पॅकेज, मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, एखादा खासगी ट्रस्ट.

शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न याहून अवघड. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेटसारख्या गोळ्या किडनी चालते तोवर घ्याव्या लागतात. भारतीय कंपन्यांमुळे त्या पूर्वीपेक्षा स्वस्त झाल्या, पण मजुरी करणाऱ्याला दर महिन्याला जड जातातच. त्यात शहरात जाऊन रक्तात औषधाचं प्रमाण तपासायचं, म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. मग कुणी डोस अर्धा करतं, कुणी महिनाभर थांबतं, आणि शरीर किडनी नाकारतं. असा रुग्ण पुन्हा डायलिसिसवर येतो. ते डायलिसिस २०१६ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानंतर गरिबांना जिल्हा रुग्णालयांत मोफत मिळतं.