सावली आखूड असतानाचं ऊन

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला वाडा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि दोनेक वर्षांत आईला जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात रेटावे लागू लागले. जिन्यात मांड्या भरून यायच्या. आम्ही सगळं वयावर ढकललं. शेवटी रक्त तपासलं, तर डी जीवनसत्त्व निघालं 9. मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या खाली गेलं की कमतरता धरतात.

"अगं, मी तर रोज आठ वाजता उन्हात बसते!" आई म्हणाली. बसत होती खरी, पण काचा लावलेल्या बाल्कनीत.

1919 साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश टाकला. प्रकाश एकाच हातावर पडला, तरी हाडं दोन्ही हातांची भरू लागली! म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होतं आणि रक्तातून अंगभर फिरतं. ते हेच डी जीवनसत्त्व. उन्हातले अतिनील-बी किरण त्वचेतल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका पदार्थावर पडले की त्यापासून डी-3 बनतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात, तेव्हा कुठे आतडी अन्नातलं कॅल्शियम नीट शोषून घेतात. नुसतं दूध पिऊन भागत नाही, ते यामुळे.

साध्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. ऊब मात्र येते, म्हणून फसगत होते. सकाळचं कोवळं ऊनही या कामी तोकडं पडतं, कारण तिरपे किरण हवेच्या जाड थरातून येतात आणि वाटेत ओझोन त्यांना शोषून घेतो. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असताना डी चांगलं बनतं. ग्वाल्हेर 26 अंश उत्तरेला, त्यामुळे 22 डिसेंबरला भर दुपारीसुद्धा इथे सावली उंचीहून थोडी लांबच पडते. वर धुकं. म्हणून थंडीत अकरा ते दोनमध्ये, हातपाय उघडे ठेवून, जरा जास्त वेळ बसायला हवं. सावळ्या कातडीला आणखी वेळ लागतो. मे महिन्यात थोडा वेळ पुरतो, लू अंगावर घेत बसू नये.

शाकाहारी जेवणात डी अगदी थोडं, आणि रोजची शिफारस 600 युनिटची. आईला डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी दिली, आठवड्याला एक. ती रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, अति झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात.