एसएसडी कामाला, हार्ड डिस्क जपायला

नागपुरात सीताबर्डीच्या कुठल्याही कॉम्प्युटर दुकानात जुना लॅपटॉप घेऊन जा आणि "फार हळू चालतो हो" म्हणा, उत्तर ठरलेलं असतं: "एसएसडी टाकून देतो भाऊ, मग पाहा." एसएसडी म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी ड्राइव्ह. दुकानदार खरं तेच सांगतो. सात-आठ वर्षांचा लॅपटॉप पुन्हा पळता करायला याहून स्वस्त उपाय नाही. पण त्याच काउंटरवर आणखी एक वाक्य हमखास ऐकू येतं, ते मला अजिबात पटत नाही: "हार्ड डिस्क आता जुनी झाली, सगळा डेटा एसएसडीवरच ठेवा."

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हींवर 1 टीबी लिहिलेलं, दोन्ही अडीच इंची, दोन्हींना तीच साटा केबल, आणि विंडोजमध्ये दोन्ही सी किंवा डी ड्राइव्ह म्हणूनच दिसतात. आत मात्र माहिती धरून ठेवायची रीतच वेगळी आहे.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या फिरत असतात. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला 5400 फेरे, डेस्कटॉपमध्ये 7200. वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत राहतं. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून हे अंतर किती बारीक ते समजावं. मूळ कल्पना 1956 ची, आयबीएमच्या रॅमॅकची. त्यात 24 इंची 50 चकत्या होत्या आणि साठवण 50 लाख अक्षरांची. चकती फिरतेय आणि हेड वाचतंय, ही पद्धत अजून तीच आहे.

तिची मर्यादाही तिथेच आहे. 7200 फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा पुरा करायला 8.3 मिलिसेकंद लागतात. आधी हेड योग्य जागी जायचं, मग हवा तो तुकडा फिरत फिरत त्याच्याखाली यायचा. असं करत सेकंदाला शंभराच्या आतबाहेर तुकडे वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइल्स मागते, म्हणून जुना लॅपटॉप बटण दाबल्यावर इतका वेळ गोल गोल फिरत बसतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे तोच तुकडा दहाव्या हिश्शाच्या मिलिसेकंदात हाती येतो. खोक्यावर लिहिलेला वेग पाहिला तर साटा एसएसडीचे सेकंदाला 550 एमबी आणि हार्ड डिस्कचे दीडशेच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेतीन पट. रोजच्या वापरात जाणवतो तो फरक बारीक फाइल्सचा आहे, आणि तो शंभर पटीच्या घरातला आहे. म्हणूनच 3500 एमबीच्या एनव्हीएमईवर, म्हणजे साटाहून वेगवान जोडणीच्या एसएसडीवर, जास्तीचे पैसे घालण्याआधी विचार करा. ऑफिसचं काम, टॅली, ब्राउझर एवढंच असेल तर साटा आणि एनव्हीएमईमधला फरक फारसा कळणार नाही. पट्टीसारखी एम डॉट टू एसएसडी घेत असाल तर तुमचा मदरबोर्ड त्या खाचेत साटा चालवतो की एनव्हीएमई, हे मॅन्युअलमध्ये बघूनच जा. आकार एकसारखा असतो, पण सगळ्या खाचा दोन्ही चालवत नाहीत.

वेगातही एक गोम आहे, आणि लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना ती आधी भेटते. स्वस्तातल्या क्यूएलसी एसएसडीत एकेका सेलमध्ये, म्हणजे माहिती धरणाऱ्या सूक्ष्म कप्प्यात, चार-चार बिट कोंबलेले असतात आणि तसं लिहायला वेळ लागतो. तो झाकायला थोडी जागा वेगवान कॅशे म्हणून वापरली जाते. चार-पाच जीबीची फाइल टाकली तर काही कळत नाही. पण दोन दिवसांच्या लग्नाचं तीनशे जीबी फुटेज एका दमात टाकायला घ्या: सुरुवातीला बार झपाझप सरकतो, मग कॅशे भरतो आणि 500 वर असलेला आकडा काही मॉडेल्समध्ये शंभराच्याही खाली येतो. अशा वेळी साधी हार्ड डिस्क तिच्या पुढे निघून जाते.

आता मुख्य मुद्दा, विसरण्याचा. एसएसडी प्रत्येक बिट सेलमध्ये कोंडलेल्या विद्युतभाराच्या रूपात धरते. तो भार हळूहळू झिरपतो, आणि तापमान वाढलं की झिरपण्याचा वेगही वाढतो. या उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेकचा निकष असा: घरगुती एसएसडीने तिच्या आयुष्यात लिहिता येईल तेवढं लिहून संपवलेलं असलं, तरी वीज न देता 30 अंशांत ठेवल्यावर वर्षभर डेटा टिकला पाहिजे. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून कितीतरी जास्त टिकते, घाबरून जायचं कारण नाही. पण निकषातला तो 30 आकडा बघा आणि आपला मे आठवा. 2013 च्या मेमध्ये नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखालच्या लोखंडी कपाटात 30 अंश रात्रीसुद्धा मिळत नाहीत. बरीच वापरलेली एसएसडी मुलांच्या लहानपणीच्या फोटोंसकट तिथे तीन-चार उन्हाळे पडून राहावी, हे मला धोक्याचं वाटतं.

हार्ड डिस्कवरचं चुंबकत्व विजेवाचून वर्षानुवर्षं टिकतं. तिचं मरण वेगळ्या वाटेने येतं: चालू असताना टेबलावरून पडली की हेड चकतीवर आपटतं. उष्णतेचं म्हणाल तर चालू डिस्कसाठी कंपन्या बहुधा 60 अंशांची मर्यादा देतात, आणि बंद खोलीत, धुळीने भरलेल्या सीपीयूत उन्हाळ्याच्या दुपारी ती फार दूर नसते. कूलरसमोर सीपीयू ठेवणं हा त्यावर उपाय नव्हे, ओलसर झोत थेट आत जातो.

बिघडण्याची तऱ्हाही निराळी. हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी सांगते. टक-टक आवाज येतो, एखादा फोल्डर उघडायला मिनिटभर लागतो, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये निळ्या "गुड"च्या जागी पिवळा "कॉशन" दिसतो. तेवढ्या अवधीत कॉपी काढून घेता येते. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप गेली, तर काल चालू असलेली ड्राइव्ह आज बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्येही, दिसतच नाही. चुकून डिलीट झालेल्या फाइल्सचं तर विचारूच नका. हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे फक्त नोंद खोडली जाते, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो आणि रिकव्हरीवाला तो काढून देऊ शकतो. एसएसडीत विंडोज 7 पासून ट्रिम नावाची आज्ञा आहे. फाइल उडवली की ही जागा मोकळी झाली असा निरोप ड्राइव्हला जातो आणि ती सवडीने जागा खरोखर पुसून टाकते. मग जाणकार माणसाच्याही हाती बहुधा काही लागत नाही.

म्हणून जुना लॅपटॉप नेलात तर एसएसडी जरूर बसवा, पण काढलेली हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका. आधी तिची तब्येत तपासून घ्या. ठणठणीत असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून ती बॅकअपला लावा. फार वापरलेली असेल तर बॅकअपसाठी नवीच घ्या, टीबीमागे हिशोब केला तर हार्ड डिस्क एसएसडीपेक्षा अजूनही बरीच स्वस्त पडते. एक कॉपी भावाकडे किंवा माहेरी, म्हणजे दुसऱ्या घरी असू द्या. बॅकअप आधीच एसएसडीवर घेऊन बसला असाल तर ती घरातल्या त्यातल्या त्यात थंड खोलीत ठेवा आणि उन्हाळ्याच्या आधी व नंतर एकदा जोडा. नुसती लावून लगेच काढू नका. सगळ्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करून बघा, म्हणजे प्रत्येक तुकडा खरंच वाचला जातोय की नाही ते तिथल्या तिथे कळेल.